वाचकांचे प्रश्न : आगरी बोलीचा हेल

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी बोलीविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रं कळव्यापासून उलव्यापर्यंत सगळीकडून आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांमधली उदाहरणं खाडीकाठच्या गावांत सर्वसाधारण ऐकू येणारी आहेत. दोन गावांमध्ये एक खाजण असलं तरी बोली थोडी बदलते, त्यामुळे तुमच्याकडे एखादा शब्द वेगळा असेल तर तुमचाच धरा.

*प्रश्न : आमचं घर घणसोली गावठाणातच आहे, कोणीही गाव सोडलेलं नाही. तरी मुलं आजीशी पुस्तकी मराठीत बोलतात आणि आपसात हिंदीत. गाव न सोडता बोली गेली कशी? (घणसोली)*

गाव जागेवर राहिलं, गावाचं काम गेलं. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. त्याआधी या गावांचा दिवस खारी शेतात, मिठागरात आणि खाडीत जायचा. ही सगळी कामं टोळीने करायची आणि ओरडून बोलायची. उधाणाच्या रात्री बांधाला भोक पडलं की पलीकडच्या माणसाला हाक मारून माती आणि पेंढा मागवायचा, उघाडीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) फळी टाकायला सांगायचं. अशा वेळी कोणी व्याकरण सांभाळत नाही. बोली रोज अशी कामात वापरली जायची, म्हणून ती आपोआप पुढच्या पिढीकडे जायची. मुलगा बापाबरोबर पाग टाकायला गेला की जाळ्याबरोबर शब्दही शिकायचा.

नंतरची पिढी कारखान्यात लागली. तिथे पाळीत शेजारी साताऱ्याचा, मागे केरळचा, समोर उत्तर प्रदेशचा कामगार. बोलीचं तिथे काम नव्हतं. मग गावठाणात भाड्याच्या खोल्या उठल्या. पाणी, वीजबिल, डिपॉझिट हा सगळा व्यवहार हिंदीत होऊ लागला आणि घरमालकाच्या ओटीवरही हिंदी आली. शाळा इंग्रजी माध्यमाची. राहिलं फक्त घर, आणि घरातल्या गप्पा संध्याकाळी टीव्हीने ऐकू येईनाशा केल्या.

यात हसण्याचा वाटा मोठा आहे. ज्या उच्चारावर बाहेरचे हसतात तो आधी सुटतो, म्हणून ‘गाडी’ला ‘गारी’ आणि ‘साडी’ला ‘सारी’ म्हणणारे तरुण कमी भेटतात. ज्याकडे बाहेरच्याचं लक्षच जात नाही ते बराच काळ टिकतं. ‘घरात’च्या जागी ‘घरान’ आणि ‘ते सांगतात’च्या जागी ‘ते सांगतान’ हे चाळिशीतल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या तोंडूनही निसटतं. ‘बापूस’, ‘आयस’, ‘दादूस’ ही नाती तर आता अभिमानाने मोटारीच्या मागच्या काचेवर लिहितात. नात्यांचे शब्द राहिले आणि उच्चार गेला असंच चित्र बहुतेक घरांत दिसेल.

आणखी एक गोष्ट. उरण, पेण, अलिबागकडून येणारी सून हा बोलीचा ताजा पुरवठा असतो. तिचं बोलणं तिकडे अजून घट्ट आहे. पण सासरी पाऊल टाकताच तिला ‘गावठी बोलू नको, पोरं तसंच शिकतील’ म्हणून गप्प करतात. बोली वाचवण्याच्या सभा भरवणाऱ्या घरांतही हे चालतं. तुमच्या घरी अशी सून असेल तर तिला मुलांशी माहेरच्यासारखं बोलू द्या. यावर एक पैसाही खर्च नाही आणि याच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचा नाही.

*प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. गावातली मुलं ‘पानी’, ‘काला’, ‘शाळेन’ असं लिहितात. बोलीचा अपमानही करायचा नाही आणि परीक्षेत मार्कही जायला नकोत. काय करावं? (ऐरोली)*

बाई, पहिल्यांदा चुकांचे तीन ढीग करा. पहिला आवाजाचा : ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’, मधल्या ‘ड’चा ‘र’. ‘वीस’चं ‘ईस’ आणि ‘वेळ’चं ‘येल’ हेही यातच. दुसरा प्रत्ययाचा : ‘-त’च्या जागी ‘-न’, ‘-तात’च्या जागी ‘-तान’. तिसरा शब्दांचा : ‘बापूस’, ‘मना’ (मला), ‘यवरा’ (एवढा). तिन्हींवर एकच लाल पेन चालवलं की मुलाला कळतं ते एवढंच, की आपलं सगळंच चूक आहे.

आवाजाच्या ढिगात लिहिण्याआधी कानाचं काम करावं लागतं. घरी ‘ळ’ नसलेल्या मुलाला ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे ऐकूच येत नाहीत, दोन्ही एकाच डब्यात पडतात. जोड्या घ्या : काल–काळ, वेल–वेळ, बाल–बाळ, पाली–पाळी, मला–मळा. मुलाच्या मागे उभं राहून जोडीतला एक शब्द म्हणा, म्हणजे ते ओठांकडे बघून ओळखणार नाही. मुलाने दोनपैकी बरोबर कार्ड उचलायचं. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत लिहायला लावू नका. रोज पाच मिनिटं पुरतात, आठवड्यातून एकदा पाऊण तास घेऊन उपयोग होत नाही. मग जीभ दाखवा : ‘ल’ला टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं, ‘ळ’ला टोक मागे वळून टाळूला लागतं आणि पुढे झटकतं. ‘ण’ आणि ‘न’साठीही हाच क्रम : मण–मन, खाण–खान, जण–जन.

प्रत्ययात अडचण वेगळी आहे. आगरीत ‘-न’ दोन कामं करतो. ‘पिशवीन ठेवला’ म्हणजे पिशवीत ठेवला आणि ‘सुरीन कापला’ म्हणजे सुरीने कापला. तुम्ही ‘न काढ, त घाल’ एवढंच सांगितलं तर मूल ‘सुरीत कापला’ लिहून आणणार. त्याला प्रश्न विचारायला शिकवा : ‘कुठे?’चं उत्तर असेल तर ‘-त’, ‘कशाने?’चं असेल तर ‘-ने’. फळ्यावर डाव्या बाजूला घरचं वाक्य, उजव्या बाजूला वहीतलं वाक्य, मधे बाण. डावी बाजू पुसून टाकू नका. ती दिसत राहिली तरच नियम दिसतो.

अधल्यामधल्या काळात एक विचित्र गोष्ट घडेल. मूल ‘मुळगा’, ‘मी काळ गेलो’, ‘मण लागत नाही’ असं लिहू लागेल. ‘ल’वर ओरडा बसला म्हणून ते जिथे तिथे ‘ळ’ घालून बघतं. याला बेफिकिरी समजू नका, ते अंदाज बांधतंय. चार दिवस लिखाण थांबवून पुन्हा कार्डांवर या.

तिसऱ्या ढिगाला हात लावू नका. निबंधात आजी बोलत असेल तर ‘तुजा बापूस कय गेलाय?’ हे वाक्य अवतरणचिन्हांत जसंच्या तसं राहू द्या. आणि मधल्या सुट्टीत डबा खाताना कोणालाही सुधारू नका.

*प्रश्न : माझे सासरे ‘नेरूल’ म्हणतात, त्यावर नातवंडं हसतात. लोकलमध्ये मात्र सगळेच ‘नेरुल’ म्हणतात! (नेरूळ)*

अगदी बरोबर पकडलंत. हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्याला ‘ळ’ जमत नाही म्हणून तो ‘नेरुल’, ‘कलवा’ म्हणतो आणि कोणी त्याला टोकत नाही. सासऱ्यांच्या बोलीत ‘ळ’ नाही म्हणून तेही तेच म्हणतात आणि अडाणी ठरतात. नातवंडांना हे दोन्ही एकदा शेजारी ठेवून दाखवा. ‘कोळीवाडा’चं ‘कोलीवारा’ आणि ‘सानपाडा’चं ‘सानपारा’ हेही त्यांना म्हणून बघू द्या. दोन नियम पाठ झाले की सगळ्या पट्ट्याची नावं त्यांना सासऱ्यांच्या उच्चारात म्हणता येतील.

*प्रश्न : आजोबा मिठागरावर कामाला होते, आता ८० च्या पुढे आहेत. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचंय, पण मोबाइल समोर ठेवला की ते बातम्या दिल्यासारखे बोलतात. ध्वनिमुद्रण कसं करावं? (कळवा)*

तुम्ही समोर बसलात म्हणून ते तसं बोलतात. नातू शिकलेला, म्हणून भाषाही त्याच्यासाठी नीट केलेली. त्यांना त्यांच्यासारखा दुसरा माणूस द्या. आगरावर बरोबर काम केलेला सोबती, नाहीतर त्यांची बहीण. दोघांना चहा द्या, रेकॉर्डिंग चालू करा आणि खोलीतून उठून जा. पहिली १५-२० मिनिटं यंत्राच्या धाकात जातात, ती हिशेबात धरू नका. खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं, बहुतेक वेळा कोणाच्या तरी चुकीवरून वाद लागला की.

मांडणी अशी. दोघं समोरासमोर किंवा काटकोनात बसलेले, मोबाइल मधे, प्रत्येकाच्या तोंडापासून दीड-दोन वितींवर. खाली चार घड्यांचा टॉवेल. स्टीलच्या टेबलावर किंवा नुसत्या पाटावर ठेवला तर कपाचा प्रत्येक आवाज ठोक्यासारखा उतरतो. लाद्या लावलेल्या मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली आतली खोली घ्या. पंखा बंद. मे महिन्यात ते शक्य नसेल तर सकाळी सातच्या आत करा, तेव्हा रस्ताही शांत असतो. सोसायटीच्या पंपाची वेळ आधी विचारून ठेवा. मोबाइल एअरप्लेन मोडवर. आजोबा रोज कवळी लावून बोलत असतील तर ती लावलेली हवी, नाहीतर ‘स’, ‘श’, ‘त’ बदलून येतात आणि पुढे कोणीतरी तो बोलीचा विशेष समजून बसतो.

रेकॉर्डिंग अॅपमध्ये ‘वेव्ह’ प्रकार निवडा : ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. मिनिटाला साधारण ५ एमबी जागा लागते, तासाला सव्वातीनशे एमबीच्या आसपास. आधी तेवढी जागा रिकामी करा. ‘नॉइज रिडक्शन’ बंदच ठेवा. हे तंत्र हळू होत जाणारा आवाज गोंगाट समजून कापतं आणि वाक्याच्या शेवटी ओढलेला स्वर नेमका तिथेच असतो. म्हणजे हेल टिपायला बसलात आणि हेलच कापून टाकलात. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोट म्हणून पाठवलीत तर ती दाबून लहान केली जाते.

आता प्रश्न. ‘तुमच्या काळी कसं होतं?’ हा सगळ्यात वाईट प्रश्न, त्याचं उत्तर भाषणात येतं. ‘याला तुम्ही काय म्हणता?’ हा त्याहून थोडा बरा, पण उत्तर एका शब्दात संपतं. कामाचा क्रम विचारा आणि काम बिघडलं कसं ते विचारा. मिठागराचा क्रम ठरलेला आहे. पाऊस गेला की बांध दुरुस्त करायचे. मग कोंड्यांचा, म्हणजे मीठ पिकवायच्या खणांचा, चिखलाचा तळ पायाने तुडवून घट्ट करायचा. उधाणाच्या भरतीला उघाडी उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं. ते उन्हात आटवत एका खणातून दुसऱ्यात फिरवायचं. पाणी साधारण २५ अंश बोमेपर्यंत (बोमे हे खाऱ्या पाण्याच्या दाटपणाचं माप) दाट झालं की मीठ धरू लागतं. २९-३०च्या पुढे गेलं की मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात उतरतात, म्हणून ते पाणी त्याआधी सोडून द्यायचं. आजोबांनी हे पाण्याच्या रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या चिकटपणावरून ओळखलेलं असतं. तर विचारा : पानी तयार झालं हे कळायचं कसं? मीठ कडू कधी व्हायचं? अवकाळी पाऊस पडला तर त्या रात्री काय करायचं? भांगाच्या दिवसांत, भरती कमी असताना, पाणी कुठून आणायचं? तळ नीट तुडवला नाही तर मिठाला माती लागायची का? कोणाला शिव्या बसायच्या? एकेका प्रश्नावर दहा मिनिटं निघतात आणि क्रियापदं, जी शब्दांच्या यादीत कधीच येत नाहीत, ती सगळी त्यात येतात.

हातात वस्तू असली की आणखी चांगलं. माळ्यावरचं फावडं, पाग, आसू काढून समोर ठेवा. वस्तूचा फोटो काढून त्याला फाइलचाच क्रमांक द्या. कोंडीची, बांधाची, पाण्याच्या टप्प्यांची नावं आगराआगरात वेगळी असतात. आजोबा म्हणतील तेच लिहा, दुसरीकडे वाचलेल्या नावाशी जुळवू नका.

सुरुवातीलाच त्यांची संमती आवाजात घ्या : नाव, वय, जन्मगाव, आईचं माहेर, तारीख, आणि हे कोणी ऐकलेलं चालेल. आईचं माहेर विसरू नका. लहानपणीची बोली आईची असते, एखादा वेगळा उच्चार तिथून आलेला असतो. बोलणं केव्हा ना केव्हा जमिनीवर येणार. साडेबारा टक्के (संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणारा भूखंड), भावकीची वाटणी, कोर्टातली तारीख हे सगळं निघणार. त्या वेळी मधे पडून थांबवू नका, बोलणं रंगलेलं असतं. मिनिट टिपून ठेवा, दुसऱ्यांना द्यायच्या प्रतीतून तो भाग कापा आणि मूळ फाइल घरात ठेवा. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, गाव आणि क्रमांक. प्रती तीन : मोबाइलवर, हार्ड डिस्कवर, आणि घराबाहेर कुठेतरी.

तासभराचं सगळं उतरवून काढायचा हट्ट धरू नका. नवख्याला एका मिनिटाच्या बोलण्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तिसऱ्या दिवशी वही बंद होते. त्यातली उत्तम दहा मिनिटं निवडा आणि तेवढीच अचूक उतरवा.

*प्रश्न : उतरवताना ‘पाणी’ लिहावं की ‘पानी’? आणि हेल कागदावर कसा आणायचा? (उलवे)*

ऐकू येईल तसं लिहा, शेजारच्या रकान्यात प्रमाण रूप द्या. ‘चुकीचं’ दिसू नये म्हणून ‘पाणी’ लिहिलंत तर काही वर्षांनी वाचणाऱ्याला वाटेल की बोलीत ‘ण’ होता. एकाच माणसाच्या तोंडी एकदा ‘गाडी’ आणि दोन वाक्यांनी ‘गारी’ आलं तर दोन्ही तसेच ठेवा. बोली बदलतेय याचा तोच पुरावा आहे. सगळं एकसारखं करून टाकणारे उत्साही संपादक अशा कामाचं सर्वात जास्त नुकसान करतात.

हेल मात्र अक्षरांत उतरत नाही. ‘कय चाललास रंऽऽ’ असं दोन अवग्रह घालून लिहिलं तर स्वर लांबला एवढं कळतं, आवाज चढला की उतरला ते कळत नाही. त्यासाठी ‘प्रात’ नावाची मोफत संगणक प्रणाली आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या ध्वनिवैज्ञानिकांनी केलेली. फाइल उघडून वाक्य निवडलं की आवाजाच्या उंचीची रेघ दिसते. आजोबांचं एक प्रश्नार्थक वाक्य आणि नातवाचं तेच वाक्य शेजारी ठेवलं की फरक डोळ्यांनी दिसतो. पंखा किंवा दुसऱ्याचा आवाज मधे असेल तर ही रेघ तुटक आणि खोटी येते, म्हणून वरची सगळी खबरदारी. आवाज आणि मजकूर वेळेनुसार जोडून ठेवायचा असेल तर ‘ईलान’ ही दुसरी मोफत प्रणाली वापरा. तिच्यात एका ओळीत बोली, खालच्या ओळीत प्रमाण मराठी, तिसऱ्या ओळीत टीप असं ठेवता येतं.

*प्रश्न : जुन्या आगरीचा लेखी नमुना कुठे मिळेल? (पनवेल)*

ब्रिटिश काळातले अधिकारी जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा आहे, तो १९०५ साली निघाला. त्यात कोकणातल्या बोलींमध्ये आगरीची नोंद आहे. खंड स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवलेला आहे. त्या सर्वेक्षणात बोलीबोलीतून बायबलमधल्या उधळ्या मुलाची एकच गोष्ट सांगून घ्यायची पद्धत होती, त्यामुळे तुलना सोपी जाते, पण मिठागर, खाडी, भांडण यांतलं काही मिळत नाही. आजच्या बोलींसाठी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेचं मराठी बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन पाहता येतं, नकाशांसह.

*प्रश्न : आमच्या हौशी नाटकात दोन आगरी पात्रं आहेत. प्रयोगाला गावातले लोक येतात आणि संवाद ऐकून माना हलवतात, तेही कौतुकाने नव्हे. काय चुकतं? (डोंबिवली)*

बहुधा तुम्ही दिसेल त्या ‘ड’चा ‘र’ केला असणार. तो बदल फक्त दोन स्वरांमधल्या आणि शब्दाच्या शेवटच्या सुट्या ‘ड’ला होतो : घोरा, गारी, झार, गोर. शब्दाच्या सुरुवातीला होत नाही. ‘डोंगर’ डोंगरच राहतो आणि ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, ‘रोला’ नव्हे. अनुस्वारानंतर होत नाही, ‘तोंड’ आणि ‘अंडा’ तसेच राहतात. जोडाक्षरात होत नाही, ‘अड्डा’ अड्डाच. ‘तोंर’ म्हणणारा आगरी माणूस अजून जन्मायचा आहे.

दुसरं, ‘दादूस’, ‘काय गो’ आणि ‘आयव’ पेरले की आगरी झालं असं लेखकांना वाटतं. क्रियापद मात्र पुण्याचं राहतं. ‘दादूस, मला सांग ते कुठे जातात’ यात आगरी काही नाही. ‘दादूस, मना सांग ते कय जातान’ म्हटलं की प्रेक्षक सरसावून बसतो. तीन जागा पक्क्या करा : सर्वनाम (मना), क्रियापदाची शेवटं (आमी जाताव, ते जातान, ते हान) आणि ‘-न’ प्रत्यय (घरान, पान्यान). मग एकही ‘दादूस’ नसला तरी चालतं.

तिसरं म्हणजे आरडाओरडा. रंगमंचावरचा आगरी माणूस कायम ओरडत असतो. खारीत वाऱ्यामुळे आणि अंतरामुळे ओरडावं लागतं. तोच माणूस पडवीत बसून हळू, सावकाश बोलतो. आणि पात्राच्या वयानुसार मात्रा ठरवा. सत्तरीच्या बाईला सगळे नियम लागू. पंचेचाळिशीचा मुलगा घरच्यांशी आगरी आणि फोनवर प्रमाण, कधी एकाच वाक्यात दोन्ही. विशीच्या नातवाकडे ‘बापूस’ आणि ‘आयस’ एवढंच उरलेलं. ही उतरंड नुसती ऐकूनही कुटुंब खरं वाटतं.

संवाद तपासून घ्यायचे असतील तर जाणकाराला संहिता वाचायला देऊ नका, कागद हातात आला की लोक शुद्ध वाचतात. प्रसंग सांगा, ‘अशा वेळी तुम्ही काय म्हणाल?’ विचारा आणि ते म्हणतील ते लिहून घ्या.

*प्रश्न : चेंदणी कोळीवाड्यातली आमची कोळी बोली आणि आगरी एकच का? लोक सरसकट ‘आगरी-कोळी’ म्हणतात. (ठाणे पूर्व)*

बहिणी म्हणा. ‘ळ’चा ‘ल’, ‘ड’चा ‘र’, ‘घरान’ हे दोघींत आहे. वेगळेपण कामाच्या शब्दांत आणि हेलात. होडी, जाळी, भरती-सुकती यांचा पसारा कोळ्यांकडे मोठा, तर भातशेतीचे राब, आवण, खळं आणि मिठागर आगऱ्यांकडे. चेंदणीत तर स्टेशन आणि मीठबंदर दोन्ही हाकेच्या अंतरावर, म्हणजे सगळ्या बोली कानावर पडणारच. ‘आगरी-कोळी’ हा जोडशब्द महोत्सवांच्या फलकांना सोयीचा आहे. रेकॉर्डिंग करताना मात्र दोन्हींच्या फाइली वेगळ्या ठेवा.

*प्रश्न : आमच्याकडे लग्नात धवला म्हणणाऱ्या धवलारिणी आता मोजक्याच आहेत. गाणी रेकॉर्ड केली तर बोलीही टिकेल ना? (करावे)*

गाणी टिकतील आणि ती टिकायलाच हवीत. पण गाण्यात चालीप्रमाणे स्वर लांबतात, त्यामुळे बोलण्याचा हेल त्यात नसतो. शिवाय गाण्यांत जुनी रूपं गोठून बसलेली असतात, जी रोजच्या बोलण्यातून धवलारिणीनेही सोडली असतील. म्हणून तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत सलग गाऊ द्या, मधे थांबवू नका. दुसऱ्या फेरीत एकेक ओळ न गाता म्हणून घ्या. अनेकींना गाण्यावाचून ओळ आठवत नाही, अशा वेळी गुणगुणून मग म्हणू द्या. तिसऱ्या फेरीत त्या ओळीच्या वेळी लग्नात काय चाललेलं असतं ते तिच्या बोलीत सांगायला लावा. बोलीसाठी ही तिसरी फेरी सर्वात मोलाची आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात.

हळदीच्या मांडवात रेकॉर्डिंग करायला जाऊ नका, डीजेपुढे काही ऐकू येत नाही आणि तिलाही घाई असते. लग्नसराई संपल्यावर एखाद्या दुपारी तिच्या घरी जा. तिला मानधन द्या आणि रक्कम आधी ठरवा. लग्नात तिचा मान असतो, मग रेकॉर्डिंग फुकटात का मागायचं? बरोबर शिकाऊ मुलगी असेल तर उत्तम, तिच्या चुका दुरुस्त करताना धवलारीण जे बोलते ते सगळं कामाचं असतं.

*प्रश्न : मंडळातर्फे मुलांसाठी आगरीचे वर्ग घ्यायचे आहेत. पुस्तक, फळा, शब्दांची यादी तयार आहे. आणखी काय लागेल? (दिवाळे)*

यादी बाजूला ठेवा. पन्नास मुलं आणि एक फळा यातून शब्द पाठ होतील, बोलणं येणार नाही. कॅलिफोर्नियात मूळनिवासींच्या भाषांसाठी १९९० च्या दशकापासून एक पद्धत वापरतात : एक जाणता आणि एक शिकणारा अशी जोडी, दोघांनी एखादं काम करायचं आणि त्या वेळात फक्त तीच भाषा बोलायची. तुमच्याकडे तर भाषा बोलणारे घराघरांत आहेत. एका आजीला दोन मुलं द्या, तिसरं नको, तीन झाली की ती आपसात हिंदीत बोलू लागतात. आठवड्यातून तीनदा तासभर. काम ठरवून द्या : मासळी निवडणं, चिंबोऱ्या साफ करणं, तांदळाच्या भाकऱ्या, जाळं विणणं. पहिल्या पंधरवड्यात मुलांनी नुसतं ऐकायचं आणि सांगितलेलं करायचं, ‘आग कर’, ‘पानी वत’ एवढ्यावर. बोलायची सक्ती नको. पुढे एकेका शब्दाने उत्तरं, मग वाक्यं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. मुलाला समजलं नाही की आजी लगेच पुस्तकी मराठीत किंवा मोडक्या हिंदीत सांगते. तिला आधीच सांगून ठेवा की हाताने दाखव, भाषा बदलू नको. मुलाने ‘र’ म्हणायचा प्रयत्न केला की घरचे हसतात, यावेळी कौतुकाने हसतात, पण मुलाला तो फरक कळत नाही आणि ते पुन्हा तोंड उघडत नाही. आणि वर्गाचा शेवट स्नेहसंमेलनातल्या नाचाने करायचं ठरलं की अर्धे तास तालमीत जातात. कार्यक्रम करायचाच असेल तर आजी आणि मुलं मिळून व्यासपीठावर चिंबोऱ्या साफ करून दाखवू देत, बोलत बोलत. मायक्रोफोन आजीच्या पदराला लावा, हातात देऊ नका. हातात दिला की ती भाषण करते.